बालकुमार पुस्तकांचे परीक्षण

साधारण 3 ते 17 वर्षांच्या वाचकांसाठी लिहिलेली पुस्तके वाचून, पारखून त्यांविषयी लिहिणे म्हणजे बालकुमार पुस्तकांचे परीक्षण. कथा, कविता, चरित्र, विज्ञान, रहस्य, चित्रपुस्तक असे सगळे प्रकार त्यात येतात. पुस्तक मूल वाचते, पण पैसे मोजतात पालक, शिक्षक किंवा ग्रंथपाल, आणि परीक्षणही तेच वाचतात. या दोघांच्या आवडी जुळतातच असे नाही, त्यामुळे परीक्षकाला एका वेळी दोन दारे सांभाळावी लागतात.

सोलापुरात त्यात भाषेची भर पडते. पूर्व भागातल्या विणकर घरांत तेलुगू, अक्कलकोटच्या बाजूला आणि शहरातही अनेक घरांत कन्नड, काही पेठांत उर्दू. आणि यांपैकी बरीच मुले मराठी शाळेत शिकतात. ‘सोपी, ओघवती भाषा’ हा परीक्षणातला नेहमीचा शेरा म्हणूनच इथे जसाच्या तसा चालत नाही. लोकांना वाटते की तेलुगू-कन्नड घरांतली मुले ‘ळ’ला अडखळत असतील. तसे नाही, ‘ळ’ त्यांच्या घरच्या भाषेतही आहे. अडते ते लिंगाला. तेलुगू आणि कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सहसा नपुंसकलिंगी असतात, तर मराठीत भिंत ती, दरवाजा तो आणि घर ते. पानभर लांबीच्या वाक्यात कर्ता कुठे होता हे विसरले, की क्रियापदाशी येऊन मूल थांबते. हे टेबलाशी बसून कळत नाही. दोन पाने मुलाकडून मोठ्याने वाचून घेतली की लगेच कळते, आणि परीक्षण लिहिण्याआधी एवढे तरी करायला हवे.

पुस्तक कोणत्या वयासाठी आहे, हे मलपृष्ठावर छापलेले असले तरी परीक्षकाने ते डोळे झाकून मान्य करू नये. प्रथम बुक्ससारख्या प्रकाशनाने वाचनाचे चार स्तर ठरवून ते पुस्तकावर छापायला सुरुवात केली, ही मोठी सोय झाली. पण स्तर वाचनक्षमतेचा असतो, वयाचा नव्हे. सातवीतल्या मुलाला पहिल्या स्तराचे पुस्तक दिले, तर मजकूर त्याला झेपतो आणि विषय त्याला बाळबोध वाटतो.

चित्रपुस्तकाच्या परीक्षणात चित्रांना शेवटी एक वाक्य मिळते: ‘चित्रे आकर्षक आहेत.’ खरे तर इथे निम्मी गोष्ट चित्रातच असते. मजकुरात असलेलेच चित्रात पुन्हा काढले आहे, की मजकूर गप्प बसतो तिथे चित्र काही सांगते? दोन पानांवर पसरलेल्या चित्रात मुख्य पात्राचा चेहरा नेमका शिलाईत गेला आहे का? सोलापूरवरच्या पुस्तकात चादर विणणारा माणूस हमखास हातमागावर बसलेला दिसतो. ज्या मुलाच्या घराला लागूनच यंत्रमागाची खडखड चालते, त्याला ते चित्र परके वाटते. बांधणीही बघावी. पिना मारलेले पुस्तक वाचनालयाच्या बालविभागात फार दिवस टिकत नाही, आणि ग्रंथपालाला परीक्षणातून हेच आधी हवे असते.

ऐतिहासिक आणि चरित्रपर पुस्तकांत सोलापूरच्या परीक्षकाची खरी कसोटी लागते, कारण इथल्या मुलांच्या रोजच्या वाटेवर इतिहास उभा आहे. मे 1930 मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटले, काही दिवस इंग्रजांचा अंमल जवळजवळ उरला नाही, आणि 12 मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी फाशी झाली, ती सोलापुरात नव्हे तर येरवड्याच्या तुरुंगात. मुलांच्या पुस्तकात हे ठिकाण चुकले असेल तर परीक्षकाने स्पष्ट लिहावे, भीड धरू नये. पण तारखा-ठिकाणे बरोबर आली म्हणजे पुस्तक चांगले झाले, असेही नाही. चौघांचे धर्म, पंथ, व्यवसाय वेगळे होते. बहुतेक लेखक या वेगळेपणातून ‘एकतेचा संदेश’ काढतात आणि चौघांना एकाच आवाजात घोषणा द्यायला लावतात. मग शेवटच्या पानावर नावांची अदलाबदल केली तरी काही बिघडत नाही! परीक्षणात नेमके हेच उदाहरणासह दाखवता येते.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या चरित्रांचेही तेच. 1910 मध्ये सोलापुरात जन्मलेला हा डॉक्टर 1938 साली पाच जणांच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेला, तिथेच लग्न केले आणि 1942 मध्ये तिथेच वारला, वयाच्या 32व्या वर्षी. त्यांना अपस्माराचे झटके येत. लहान मुलांसाठी लिहिताना हा आजार गाळायचा की सांगायचा? गाळला तर मृत्यू गूढ राहतो आणि माणूस देव्हाऱ्यात जाऊन बसतो. सांगितला तर आजारी शरीराने काम करणारा डॉक्टर मुलांना दिसतो. प्रस्तुत नोंदीच्या मते सांगावा.

माहितीपर पुस्तकात एक चूक शोधली तरी पुष्कळ कळते. सोलापूरजवळच्या नान्नजचे अभयारण्य ज्याच्यासाठी झाले तो माळढोक पक्षी माळरानावर उघड्या जमिनीवर अंडे घालतो, बहुधा एकच. चित्रात तो झाडावरच्या घरट्यात बसलेला दिसला, की बाकीची पानेही पडताळून पाहावीत. तो तिथे थव्याने दिसतो असे नव्या पुस्तकात लिहिलेले असेल, तर मजकूर जुना उचललेला आहे. आता नान्नजला माळढोक दिसणे हीच दुर्मीळ गोष्ट आहे.

कविता मोठ्याने म्हणून पाहावी. लय तुटते तिथे मुले आपणहून शब्द बदलतात. रहस्यकथेचे परीक्षण करताना गुन्हेगाराचे नाव फोडू नये, एवढे भान पुरे.

सर्वांत रोडावलेला कप्पा कुमारांचा. 13 ते 17 या वयासाठी मराठीत पुस्तके कमी आणि त्यांची परीक्षणे त्याहून कमी. प्रेम, शरीर, जात, घरची उधारी हे विषय आले की ‘मुलांना योग्य आहे का’ या एकाच प्रश्नाभोवती परीक्षण फिरते आणि पुस्तक कसे लिहिले आहे ते राहून जाते. आईला विड्या वळायला मदत करून शाळेत जाणारी मुलगी कादंबरीत आली, तर ती फक्त कीव करण्यापुरती आहे का, हे आधी तपासावे. मजुरी हजार विड्यांवर ठरते हे लेखकाला ठाऊक आहे का? सुपात कापलेली पाने, खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या, त्यावरून होणारी घासाघीस, हे आले असेल तर मुलगी खरी वाटते.

परीक्षणे छापून येतात ती रविवारच्या पुरवण्यांत, दिवाळी अंकांत आणि मे महिन्याच्या सुटीआधी. पुष्कळशी ‘अभिप्रायार्थ सप्रेम भेट’ आलेल्या प्रतींवरची असतात: अर्धी कथानक सांगणारी, उरलेली प्रस्तावनेतून उतरवलेली, आणि शेवटी ‘संग्राह्य’. मुलांनी स्वतः लिहिलेली परीक्षणे त्या मानाने कमी मिंधी असतात. 2015 पासून राज्यात 15 ऑक्टोबर हा वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो आणि त्या निमित्ताने शाळांतून ती लिहून घेतली जातात. तक्ता ठरलेला असतो: पुस्तकाचे नाव, लेखक, किंमत, आवडलेले पात्र, मिळालेला बोध. बोधाचा रकाना काढून तिथे ‘कुठे कंटाळा आला’ असा रकाना घातला, तर मुले पान क्रमांकासकट उत्तर देतात.