गुलाबी मीठ आणि गळ्यातली ग्रंथी

फॅमिली ग्रुपवर अधूनमधून येतंच, पांढरं मीठ विष आहे, गुलाबी सैंधव खा, त्यात ८४ खनिजं आहेत. असतीलही, पण नखाएवढीसुद्धा नाहीत, आणि मिठातून जे खरंच मिळायला हवं ते आयोडीन त्यात नावालाच. समुद्राच्या साध्या खडेमिठाचंही तेच, मिठागरात मीठ धरतं तेव्हा आयोडीन त्यात फारसं येतच नाही. पाकिटातल्या मिठात ते वरून घालतात, पोटॅशियम आयोडेट म्हणून.

मोठ्या माणसाला दिवसाला लागतं फक्त १५० मायक्रोग्रॅम. पण थायरॉईड, म्हणजे गळ्यातली ग्रंथी, ते गोळा कसं करते ते भारी आहे! रक्तात आयोडाइड (आयोडीनचंच एक रूप) अगदी विरळ, ग्रंथीच्या पेशीत मात्र त्याच्या २०-४० पट, म्हणजे कमीकडून जास्तीकडे ओढायचं. त्यासाठी पेशी आधी पंप चालवून सोडियम बाहेर टाकते, ते परत आत घुसायला बघतं, आणि दारावरचं प्रोटीन त्याला म्हणतं, या, पण दोघं मिळून एका आयोडाइडला घेऊन या. पुढे हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मदतीने ते आयोडीन टायरोसिन नावाच्या अमिनो आम्लाला चिकटतं, दोन-दोन आयोडीनवाले दोन टायरोसिन जुळले की टी-४, एकावर दोन नि दुसऱ्यावर एकच असेल तर टी-३, ही थायरॉईडची हार्मोन्स, आणि हा सगळा माल थायरोग्लोब्युलिन नावाच्या अवाढव्य प्रोटीनवरच साठवलेला राहतो, काही आठवडे पुरतो. म्हणून एकादशीला सैंधव खाल्लं तर काही बिघडत नाही.

रोजच तेच खाल्लं आणि आयोडीन दुसरीकडूनही आलं नाही, तर साठा संपतो, टी-४ घटतं, मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन) वाढवते, त्या जोरावर ग्रंथी जास्त आयोडीन ओढायला बघते, पेशी वाढत जातात आणि गळा फुगतो. हाच गलगंड. हिमालयाच्या पट्ट्यात मातीतलंच आयोडीन पाण्याबरोबर वाहून गेलेलं, तिथे तो सर्रास दिसायचा. १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामींनी हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात काही भागाला आयोडीनचं आणि काहीला साधं मीठ देऊन बघितलं, आयोडीनवाल्या भागात गलगंड झपाट्याने कमी झाले. १९६२ मध्ये गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रमच सुरू झाला.

थायरॉईडचा प्रत्येक त्रास आयोडीन कमी पडल्यानेच होतो असं नाही हेही खरं, हाशिमोटो नावाच्या आजारात शरीरच ग्रंथीवर उलटतं, तिथे जादा आयोडीन उलट त्रास देऊ शकतं.

गरोदरपणात मात्र गरज २५० मायक्रोग्रॅमवर जाते, कारण सुरुवातीचे काही महिने बाळाचा मेंदू आईच्याच टी-४ वर वाढतो. अशा घरात 'नॅचरल' म्हणून गुलाबी मीठ आणणाऱ्यांनी पाकिटावर 'आयोडाइज्ड' लिहिलंय का तेवढं बघा, तसंही मिळतं बाजारात.