ऊन आणि अवर्षण: वेगळ्या खात्यांत मांडलेले एकच संकट

पावसाची तूट एका तक्त्यात आणि तापमान दुसऱ्यात, अशी नोंदींची वाटणी फार काळ चालत आली. त्यामुळे नुकसानही वाटले गेले: पिके दुष्काळाने गेली, माणसे उष्णतेने. प्रत्यक्षात दोन्ही एकमेकांना पोसतात.

हिशेब सोपा आहे. 1 चौरस मीटर जमिनीवरून 1 मिलिमीटर, म्हणजे 1 लिटर पाणी उडून जायला सुमारे 2.45 मेगाज्यूल उष्णता लागते. ओलाव्याच्या शेतातून भर उन्हाळ्यात दिवसाला 5 मिमी पाणी सहज उडते, म्हणजे 12 मेगाज्यूल उष्णता त्यातच खर्ची पडते. ओल संपली की तीच उष्णता थेट हवा तापवते. आणि तापलेली हवा आणखी पाणी मागते. 25 अंश सेल्सियस आणि 50 टक्के आर्द्रता असताना बाष्पदाबाची तूट, म्हणजे हवेची बाष्पाची उरलेली भूक, सुमारे 1.6 किलोपास्कल असते. बाष्प तेवढेच ठेवून हवा 40 अंशांवर गेली की ती 5.8 होते. पाऊस तेवढाच कमी असूनही एखादे वर्ष दुसऱ्यापेक्षा कितीतरी जास्त भाजून काढते, ते यामुळे.

अमेरिकेच्या मध्यभागातील 1930 चे दशक हे याचे पहिले नीट नोंदलेले उदाहरण. गव्हाला भाव होता तेव्हा तिथले गवताळ माळ नांगरले गेले. मग भाव पडले, पाऊस आटला आणि माती उघडी राहिली. 14 एप्रिल 1935 च्या धुळीच्या वादळानंतर दोनच आठवड्यांत मृदसंधारणाचा कायदा झाला. उपाय साधे होते: समतल रेषेवर नांगरट, पिकांचे पट्टे, धसकटे शेतात तशीच ठेवणे, वाऱ्याला आडव्या झाडांच्या रांगा. पण जमीन भिजायला वेळ होता. 6 जुलै 1936 रोजी नॉर्थ डकोटातील स्टील या गावी 49.4 अंशांची नोंद झाली. त्या राज्याचा तो उच्चांक अजून मोडलेला नाही.

ब्रिटनमधील 1976 च्या उन्हाळ्याने वेगळाच धडा दिला. मे 1975 पासून पाऊस कमी होता, आणि 23 जून ते 7 जुलै सलग 15 दिवस इंग्लंडमध्ये कुठे ना कुठे पारा 32 अंशांवर गेला. काही भागांत घरचे नळ बंद करून रस्त्यावर सार्वजनिक नळ लावावे लागले, ऑगस्टमध्ये दुष्काळाचा कायदा झाला. खरा खर्च मात्र जमिनीखाली होता. चिकणमाती सुकली की आकसते, आणि झाडाची मुळे जिथे पाणी ओढतात तिथे जास्त आकसते. घराचा एक कोपरा खचतो आणि खिडकीच्या कोपऱ्यातून वर रुंद, खाली अरुंद अशी तिरकी भेग जाते. अशा वेळी घाबरून झाड तोडणे ही नेहमीची चूक. मुळांची ओढ थांबली की माती पुन्हा पाणी पिऊन फुगते, आणि पाया आता वर उचलला जातो. त्या वर्षानंतर चिकणमातीत पाया सुमारे 1 मीटर खोल घेण्याचा दंडक रूढ झाला.

पिकांत घाव नेमका कुठे बसतो, हे मक्यात स्पष्ट दिसते. ताण पडला की तुरा वेळेवर येतो, पण कणसातील स्त्रीकेसर बाहेर यायला उशीर होतो. तोवर पराग झडून गेलेला असतो, किंवा 35 अंशांपुढच्या कोरड्या हवेत निकामी झालेला असतो. झाड हिरवेगार, कणीस अर्धे रिकामे. त्या पंधरवड्यातले नुकसान पुढच्या कितीही पावसाने भरून येत नाही. 1988 मध्ये अमेरिकेतील मक्याचे एकरी उत्पादन आदल्या वर्षीपेक्षा सुमारे 30 टक्क्यांनी घटले. जे हाती येते तेही निर्धोक नसते: तडकलेल्या दाण्यांवर अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करणारी बुरशी वाढते. खुरटलेल्या धाटांत नायट्रेट साठते, आणि ते बुंध्याकडे जास्त असते. चारा म्हणून अशी धाटे कापायचीच असतील तर खालचा वीतभर भाग शेतात सोडतात आणि चारा तपासूनच जनावरांपुढे टाकतात.

2003 मध्ये युरोपात मृत्यूंच्या आकड्याने सगळ्यांना हादरवले. 1 ते 20 ऑगस्ट या काळात एकट्या फ्रान्समध्ये नेहमीपेक्षा सुमारे 15,000 मृत्यू जास्त झाले. दुपारच्या कमाल तापमानाची चर्चा खूप झाली, पण आमच्या मते जास्त घातक ठरल्या त्या रात्री. पॅरिसचे किमान तापमान 25 अंशांवर राहिले, शरीराला सावरायला वेळच मिळाला नाही, आणि एकटी राहणारी वृद्ध माणसे पत्र्याच्या छपराखालच्या खोल्यांत अडकली. नद्या तापल्याने अणुवीज केंद्रांना सोडलेल्या पाण्याच्या तापमानमर्यादेतून सूट द्यावी लागली. पाणी गरम आणि कमी असेल तर वीज नेमकी गरजेच्या दिवसांत घटवावी लागते. फ्रान्सची उष्णतेच्या लाटेसाठीची राष्ट्रीय योजना 2004 ची आहे.

2010 मध्ये रशियात संकट सीमेबाहेर गेले. धान्योत्पादन सुमारे 97 दशलक्ष टनांवरून 61 दशलक्ष टनांवर आले. 15 ऑगस्टपासून निर्यात बंद झाली आणि जगाच्या बाजारात गहू भडकला. मॉस्कोभोवतीच्या दलदली पूर्वी इंधनासाठी उपसून कोरड्या केल्या होत्या. तिथले पीट, म्हणजे दलदलीत साठलेला अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, पेटले. ही आग जमिनीखाली सरकते आणि कोरडे पीट पाणी झटकते. वरून पाणी मारून ती विझत नाही, भूजलपातळी वर आणावी लागते. धुरामुळे खिडक्या बंद, आत उकाडा: माणसे दोन्हींच्या कात्रीत सापडली.

ऑक्टोबर 2018 मध्ये ऱ्हाइन नदीवर जर्मनीतील कौब येथे पाण्याची पातळी मोजपट्टीवर 25 सेंटीमीटरपर्यंत उतरली. पट्टीवरचा आकडा म्हणजे नदीची खोली नव्हे. 78 सेंटीमीटरला जहाजमार्गात सुमारे 1.90 मीटर पाणी असते. तरीही बार्जना क्षमतेच्या थोड्याच भागावर चालावे लागले आणि रसायने, कोळसा, इंधन वाटेत अडकले.

दुष्काळाच्या मोजमापाची पद्धतही हळूहळू बदलली. 1965 च्या पामर निर्देशांकात तापमान होते, पण तो अवजड आणि जागेनुसार फसवा. 1993 चा प्रमाणित पर्जन्य निर्देशांक सुटसुटीत, मात्र फक्त पावसावर उभा. 2010 मध्ये त्याच धर्तीच्या निर्देशांकात हवेची बाष्पमागणीही वजा होऊ लागली. काही आठवड्यांत जमीन वाळवणारे झटपट दुष्काळ नुसत्या पावसाच्या आकड्यांत उशिरा दिसतात.

जंगलांचा हिशेब त्याहून लांबतो. स्प्रूस हे सूचिपर्णी झाड साल पोखरणाऱ्या भुंग्याला राळ सोडून हुसकावते. पाणी नसेल तर राळ कमी. लांबलेल्या उन्हाळ्यात भुंग्याच्या दोनऐवजी तीन पिढ्या होतात. 2018 च्या ताणाने कमजोर झालेले मध्य युरोपातील स्प्रूस 2019 आणि 2020 मध्येही वाळत राहिले, आणि तोडलेल्या लाकडाच्या पुराने त्याचे भाव कोसळले.