जामदार क्लबचं पाणी आणि निळी रेषा

जुलै उजाडला की कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी मोबाइलवर फिरू लागते. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे शाळकरी पोरांनाही पाठ असतं. तरी आकडा वाचून झाला की घरातलं वडीलधारं माणूस विचारतंच, ‘म्हणजे आलं कुठवर?’ त्याला फुटांतलं उत्तर नको असतं. गायकवाड वाडा, जामदार क्लब असं नदीकडचं ओळखीचं ठिकाण सांगावं लागतं. नृसिंहवाडीला कृष्णेचं पाणी देवळात उत्तरेकडून शिरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळा होतो. पाणी किती चढलं याची तीही एक नोंदच.

हवामानाच्या ज्ञानाकडे मानवशास्त्राचे अभ्यासक अशाच ठिकाणाहून पाहू लागले. लोकांचे आडाखे खरे ठरतात की खोटे, एवढ्यावर आधी चर्चा अडायची. पुढे प्रश्न बदलला: त्या आडाख्यावर माणूस काय करतो? आपल्याकडची नक्षत्रं घ्या. पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, आश्लेषाचा आसळका, मघाचा सासूचा, पूर्वाचा सुनांचा. हे काही नुसते अंदाज नव्हेत, कामाची वाटणीही त्यात आहे. पश्चिमेकडच्या तालुक्यांत रोहिणीत भाताची धूळवाफ, म्हणजे कोरड्या मातीतली, पेरणी होते, ती आभाळ भरून आलंय म्हणून नाही. मृगाआधी बी मातीत गेलेलं असावं म्हणून. (२००५ आणि २०२१ चे महापूर म्हाताऱ्यानं आणले, २०१९ चा आसळक्यानं. म्हाताऱ्याला कमी लेखू नये.)

दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात बटाटा लावणारे शेतकरी जूनमध्ये पहाटे कृत्तिकांचा पुंजका किती लख्ख दिसतो ते पाहतात. अंधुक दिसला तर लावणी पुढे ढकलतात. एल निनोच्या, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी जास्त तापतं त्या, वर्षी उंचावर विरळ ढग असतात, त्यामुळे तारे फिके दिसतात आणि पुढे पाऊस कमी पडतो, असा उलगडा २००० साली झाला. परंपरेचा विजय म्हणून हे उदाहरण फार मिरवलं जातं. मला त्यातली लावणीची तारीख जास्त मोलाची वाटते.

आपल्याकडे सरकारी हवामान खातं १८७५ पासून आहे. मोसमी पावसाचा दीर्घ पल्ल्याचा अंदाज १८८६ मध्ये सुरू झाला, तोही हिमालयातल्या बर्फावरून. पण पंचगंगेच्या काठावर ज्ञानाचा खरा पेच उभा राहिला तो २००५ नंतर. त्या वर्षी पाणी ५० फुटांच्या घरात गेलं आणि गावोगाव तीच खूण मनात बसली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये नदीकाठच्या चिखली-आंबेवाडी गावांकडे बाहेर पडा म्हणून सांगणं सुरू होतं, तेव्हा अनेकांचा हिशोब सोपा होता: २००५ ला पाणी अमक्या पायरीपर्यंत आलं, त्याच्या वर येत नाही. शिवाय दावणीची जनावरं न्यायची कुठं? पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. २०२१ ला ५६ ओलांडलं. याला अडाणीपणा म्हणणं सोपं आहे. पण सोसलेल्या पुराइतका भरवशाचा दुसरा दाखला त्यांच्यापुढे कुणी ठेवला होता?

ठेवली होती ती पूररेषा, आणि गुंता तिथंच आहे. १९८९ पासून राज्यात निळी आणि लाल अशा दोन रेषा आहेत. ढोबळमानानं निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र, निळी ते लाल हे नियंत्रित क्षेत्र. ‘शंभर वर्षांतून एकदा’ हे शब्द ऐकले की माणूस म्हणतो, झाला की एकदा, आता नातवाच्या वेळी बघू. मुळात अर्थ असा की तसा पूर येण्याची शक्यता दर वर्षी १ टक्का. ३० वर्षं कर्ज फेडायच्या घराला ती २६ टक्क्यांच्या आसपास जाते. निळ्या रेषेला तर दर वर्षी ४ टक्के. हा खुलासा नकाशावर कुठं दिसत नाही, बांधकाम परवान्याच्या रांगेतही मिळत नाही. तिथं रेषेचा एकच अर्थ उरतो, प्लॉट आत की बाहेर. मग रेषा नदीकडे सरकवा म्हणणारे आणि २०१९ च्या खुणांवरून ती नव्यानं ओढा म्हणणारे असे दोन तट पडतात. मला दुसऱ्यांचं म्हणणं पटतं. पाण्याची खूण भिंतीवर आहे, ती नकाशावर यायला एवढी कुरकुर का, हे कळत नाही.

कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा वाद याच काळात तापला. धरणाची पातळी ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ वर न्यायला कृष्णा पाणीवाटप लवादानं २०१० मध्ये मुभा दिली. २०१९ च्या पुराला अलमट्टीचा फुगवटा, म्हणजे धरणामागं तुंबणारं पाणी, कारण नाही, असं राज्यानं नेमलेल्या समितीनं नंतर सांगितलं. शिरोळच्या काठावर ते फारसं कुणाला पटलेलं नाही. तिथं ‘कृष्णेची फुग’ हा शब्द धरणापेक्षा जुना आहे: कृष्णा भरली की पंचगंगेचं पाणी तुंबतं.

अलीकडे हवामान खात्याच्या इशाऱ्यांत घाटभागासाठी ‘कोल्हापूर घाट’ असा वेगळा उल्लेख येतो, तेही बरं झालं. घाटातल्या गगनबावड्यात वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस, शिरोळात जेमतेम ५००. जिल्हाभर इशाऱ्याचा एकच रंग लावला की शिरोळचा शेतकरी कोरड्या आभाळाकडे बघून हसायचा. घाटातलं पाणी उतरून पूर मात्र त्याच्याच दारात यायचा. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की तो आता हसत नाही. जनावरं सोडायला लागतो.