पूर कोणत्या महिन्यात येतो?

गहू आणि जव ही थंडीतली पिकं, आपल्या भाषेत रब्बीची. सुमारे 10,000 वर्षांपूर्वी पश्चिम आशियातल्या माणसांनी ती पेरायला सुरुवात केली, तेव्हा मोठी नदी त्यांच्या हिशोबात नव्हती. डोंगरउतारांवर हिवाळी पाऊस पडायचा आणि त्यावर पीक निघायचं. नंतर हेच दाणे घेऊन शेतकरी मोठ्या नद्यांच्या खोऱ्यांत उतरले. दाणे सगळीकडे तेच, पण प्रत्येक नदीला पूर येण्याचा महिना वेगळा होता. शाळेत आपण 'संस्कृती नदीकाठी उदयाला आल्या' हे एकच वाक्य शिकतो आणि त्यात नाईल, युफ्रेटिस, सिंधू एका रांगेत बसवतो. मला ते वाक्य नेहमी अपुरं वाटत आलं आहे.

नाईलचं वेळापत्रक रब्बीसाठी आखून दिल्यासारखं होतं. इथिओपियाच्या पठारावर मोसमी पाऊस पडतो, त्याचं पाणी इजिप्तमध्ये ऑगस्ट-सप्टेंबरात पोचायचं आणि ऑक्टोबरच्या सुमारास ओसरायला लागायचं. मागे राहायचा ओला काळा गाळ. धरणाचं पाणी मागे हटलं की उघड्या पडलेल्या जमिनीत आपल्याकडे गाळपेर करतात, तशीच ही पेरणी, फक्त देशभर पसरलेली. बांध घालून खाचरं करायची, पुराचं पाणी त्यांत काही आठवडे कोंडायचं, मग सोडून द्यायचं आणि वाफसा आला की बी टाकायचं. इजिप्शियन वर्षाचे ऋतूही यावरूनच तीन झाले: अखेत म्हणजे पूर, पेरेत म्हणजे पेरणी आणि वाढ, शेमू म्हणजे सुगी. देशाचं नाव 'केमेत', म्हणजे काळी जमीन. आणखी एक गोष्ट फार मोलाची. दरवर्षीचा पूर जमिनीतले क्षार धुऊन नेत असे, म्हणून तीच जमीन हजारो वर्षं पिकत राहिली.

दक्षिण मेसोपोटेमियात मात्र सगळं उलटं. टायग्रिस-युफ्रेटिसला पाणी येतं ते मुख्यतः उत्तरेकडच्या डोंगरांतला बर्फ वितळून, आणि पूर चढतो एप्रिल-मे महिन्यांत. नेमकं तेव्हाच जवाचं पीक कापणीला आलेलं असतं. पेरणीच्या वेळी, शरद ऋतूत, नदी आटलेली. म्हणजे हवं तेव्हा पाणी नाही आणि नको तेव्हा शेतात घुसतं. पाऊसही इतका कमी की त्यावर पीक येणार नाही. नदीच्या पुराविरुद्ध बांध घालायचा आणि त्याच नदीतून पाटाने पाणी आणायचं, ही दोन्ही कामं सुमेरच्या, म्हणजे याच दक्षिण मेसोपोटेमियातल्या, लोकांना करावी लागली. एक सोय तेवढी होती. गाळ साचून साचून नदी आसपासच्या मैदानापेक्षा उंचावरून वाहायची, त्यामुळे काठ फोडला की पाणी उताराने शेतात जायचं.

पाट आला की दरवर्षी गाळ काढणं आलं, माणसं जमवणं आलं आणि पाळीची भांडणंही आली. इसवी सनापूर्वी 2500 च्या आसपास लगाश आणि उम्मा ही शेजारची नगरराज्यं सीमेवरच्या शेतजमिनीसाठी आणि पाण्यासाठी पिढ्यानपिढ्या लढली. लगाशचा राजा एआनातुमने विजयानंतर कोरून घेतलेल्या शिळेचे तुकडे आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहेत. शिवाय पाटाचं पाणी निचरा न होता सपाट जमिनीत मुरत राहिलं की क्षार वर येतात. सांगली-कोल्हापूरकडच्या शेतकऱ्याला क्षारपड जमीन म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. सुमेरमध्ये गहू मागे पडत गेला आणि खारट जमीन जास्त सोसणारा जव पुढे आला. त्यामागे हेच कारण असावं, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं.

सिंधूचा पूर उन्हाळ्यात चढतो आणि पावसाळा संपताना उतरतो, म्हणजे रब्बीला सोयीचा. पण ती अंगावर येणारी नदी. मोहेंजोदडो उंच चौथऱ्यांवर बांधलं गेलं ते उगाच नाही. हरियाणा-राजस्थानातून पाकिस्तानात जाणाऱ्या घग्गर-हाकरा नदीच्या खोऱ्यातली गोष्ट मला जास्त विलक्षण वाटते. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने दाखवलं की सतलज तिथून सुमारे 8,000 वर्षांपूर्वीच सरकली होती. हडप्पा काळातली दाट वस्ती वसली ती या मोठ्या नदीने सोडलेल्या जुन्या पात्रालगत, जिथे पावसाळी ओढ्यांचं पाणी यायचं आणि विध्वंसक पुराची भीती कमी होती. याच खोऱ्यातल्या कालीबंगनला तिथल्या हडप्पाकालीन नगराच्या आधीचं नांगरलेलं शेत सापडलं, आडव्या-उभ्या तासांसकट.

आणि आपल्याकडे? दख्खनच्या नद्या बेसॉल्ट कापत खोल गेलेल्या. बर्फाचं पाणी नाही, पूरमैदान अरुंद, पावसाळा सरला की धार बारीक. नाईलसारखी शेती इथे होणं शक्यच नव्हतं. तरी प्रवरेकाठी जोर्वे, नेवासे, दायमाबाद, घोडकाठी इनामगाव अशी शेतकऱ्यांची गावं उभी राहिली. त्यांना आधार होता ओल धरून ठेवणाऱ्या काळ्या जमिनीचा. पावसाळ्यात ती पाणी पिते आणि पुढे रब्बीला पुरवते.

शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात उत्खनन केलं. गाव साधारण इसवी सनापूर्वी 1600 ते 700 पर्यंत नांदतं होतं. जव हे मुख्य पीक. कुडाच्या भिंतींची चौकोनी घरं, धान्याची पेवं आणि पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराशेजारी धान्यकोठार. पर्जन्यछायेतल्या या गावाने घोडचं पुराचं पाणी वळवायला सुमारे 200 मीटर लांबीचा पाट खणला होता आणि त्याला दगडमातीचा बांध घातला होता. हे एका घराचं काम नव्हे. उत्खनन करणाऱ्या म. के. ढवळीकरांनी त्यावरूनच इथे गावाला कामाला लावू शकणारा प्रमुख असावा, असा निष्कर्ष काढला. सुमेरच्या मानाने पाट अगदी छोटा, पण गरज तीच होती: नदीचं पाणी तिच्या वेळेऐवजी आपल्या वेळेला मिळवण्याची.

इसवी सनापूर्वी 1000 च्या सुमारास हवामान कोरडं होत गेलं, असं उत्खननकर्त्यांचं मत आहे. त्यानंतरच्या थरांत चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या दिसतात, धान्य कमी होतं आणि शिकारीतल्या हरणांची हाडं वाढतात. सुमारे 300 वर्षं लोकांनी असेच दिवस काढले आणि मग गाव सोडलं.