अर्धबंदिस्त कोंबडीपालन आलं कुठून?

नागपूरच्या आसपास हिंगणा, कळमेश्वर, उमरेड रोडला ज्याच्याकडे अर्धा एकर रिकामी जागा आहे तो सध्या अर्धबंदिस्त पद्धतीने गावरान कोंबड्या पाळायचं म्हणतोय, आणि व्हिडिओवाले तर ही पद्धत जणू काल-परवाच निघाली असं सांगतात. खरं म्हणजे आजच्या बंद शेडपेक्षा ही जुनी. रात्री छपराखाली, दिवसा जाळीच्या आवारात, एवढीच भानगड. एके काळी मोठ्या प्रमाणावर पाळायच्या म्हटलं तरी आवाराशिवाय भागायचं नाही, कारण पूर्ण कोंडलेल्या कोंबडीचे पाय अधू व्हायचे, कवच पातळ पडायचं, आणि का ते कोणाला कळत नव्हतं. १९२० च्या दशकात ड जीवनसत्त्वाचा शोध लागला, खाद्यात कॉड माशाच्या यकृताचं तेल घातलं की उन्हाशिवायही पक्षी धड राहतो हे समजलं, मग तिकडे अमेरिकेत आधी कोंबड्या बंद शेडमध्ये गेल्या आणि मागून पिंजरे आले.

आपल्याकडे त्या वेळी कोंबड्या म्हणजे परसातल्या दहा-बारा, दिवसभर उकिरडा उकरणार, संध्याकाळी डालग्याखाली, वर्षाला पन्नास-साठ अंडी आणि मधेच खुडूक बसली की तेही बंद. मानमोडी (राणीखेत, कोंबड्यांचा साथीचा रोग) आली की आख्ख्या गावातल्या कोंबड्या साफ. मग दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत सरकारने मुंबईच्या आरेसकट पाच ठिकाणी प्रादेशिक कुक्कुट फार्म काढले, व्हाइट लेगहॉर्न नि ऱ्होड आयलंड रेड या परदेशी जातीच्या कोंबड्या वाढवायला घेतल्या. नागपुरात १९५८ ला पशुवैद्यकीय कॉलेज आलं, राज्याचं अंडी उबवणी केंद्रही इथे झालं. पण खरा पालट १९७० नंतरचा. १९७१ ला पुण्यात व्यंकटेश्वरा हॅचरीज निघाली, संकरित पिल्लं, तयार खाद्य, लसी सगळं एका दमात मिळायला लागलं, आणि वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देणारी कोंबडी हाती आल्यावर तिला अंगणात हिंडवून खाद्य जाळायला लावणं कोणाला परवडणार? आवार गेलं, गादी पद्धत (शेडात जमिनीवर तुसाचा जाड थर घालून त्यावर पाळणं) आणि पिंजरे राहिले. आपल्याकडे गादीला अडचण नाही म्हणा, भंडारा-गोंदियाच्या राइस मिलमधून धानाचं तूस हवं तेवढं मिळतं.

मग आवार परत का आलं, तर पक्षी बदलला म्हणून. बंगळुरूची गिरिराज, हैदराबादची वनराज अशा रंगीत, काटक जाती आल्या, दिसायला गावरान पण अंडी दुपटीने, आणि सावजीवाल्यांपासून घरच्या गिऱ्हाइकापर्यंत सगळेच गावरानला जास्त पैसे मोजायला तयार. अशा पक्ष्याला ऊन मिळतं, किडे-मुंग्या आणि हिरवा पाला खाऊन बलक छान पिवळा होतो, खाद्याचा खर्च थोडा वाचतो (थोडाच हं, निम्म्यावर येतो वगैरे सांगणाऱ्याच्या नादी लागू नका), आणि एकमेकींना टोचणंही कमी.

पण तोटेही त्याच आवारातून येतात, आणि इथली काळी माती त्यात भर घालते. जुलै-ऑगस्टमध्ये शेडच्या दारासमोरचा दोन-चार हातांचा पट्टा बघा, सगळ्या कोंबड्या तिथूनच आत-बाहेर करतात, तिथेच हगतात, तिथेच पाणी साचतं, नि रक्ती हगवणीचे जंतू वाढायला याच्याइतकी सोयीची जागा नाही. जंतही तिथूनच. म्हणून दारापुढे मुरूम टाकायचा आणि आवाराचे दोन भाग करून आलटून पालटून वापरायचे, म्हणजे एक भाग उन्हात तापून निघतो. बाकी मुंगूस, घार, झुडपात घातलेली अंडी हे आहेच.

मे महिन्याचं वेगळंच. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते, त्यात रक्तातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कवचाला लागणारा माल कमी पडतो, म्हणून उन्हाळ्यात अंड्याचं कवच पातळ. ४५ अंशाला पत्र्याखाली कोंडण्यापेक्षा कडुनिंबाची सावली बरी, पण झाड नसलेलं आवार म्हणजे तवा, तिथे दुपारी सोडूच नये.

आणि बर्ड फ्लू. २००६ ला नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात तो आला तेव्हा तिथल्या मोठ्या शेडमधल्या कोंबड्याही माराव्या लागल्या होत्या, मार्च २०२४ ला तर आपल्या नागपूरच्या सरकारी केंद्रात हजारो पक्षी नष्ट केले, म्हणजे बंदिस्त असलं की सुटलो असं काही नाही. तरी रानपक्ष्यांची विष्ठा थेट पडते ती आवारातच, त्यामुळे आजूबाजूला साथ असली की बाहेर सोडणं पहिलं बंद करावं लागतं. फक्त झोपायला म्हणून ज्याने शेड लहान बांधलं त्याची तेव्हा पंचाईत होते, म्हणून आवार कितीही मोठं असो, आत पक्ष्यामागे निदान दोन-अडीच चौरस फूट धरूनच पाया खणा.