इलेक्ट्रॉन भोवऱ्यासारखा गरगरतो? नाही हो!

इलेक्ट्रॉन म्हणजे इवलासा भोवरा आणि स्पिनर म्हणजे त्याच्या गरगरण्याचं गणित, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. पण गणितज्ञ एली कार्तान यांना स्पिनर या गणिती राशी सापडल्या १९१३ मध्ये; इलेक्ट्रॉनच्या स्पिनची, म्हणजे त्याच्या अंगभूत कोनीय संवेगाची, कल्पना आली १९२५ मध्ये. (शिवाय भोवरा मानलाच, तर त्याचा पृष्ठभाग प्रकाशालाही मागे टाकेल.)

खरी गंमत अधिक-उणे चिन्हात आहे. ३६० अंश फिरवलेला बाण जसाच्या तसा दिसतो, स्पिनर मात्र उणे होतो; पूर्ववत व्हायला ७२० अंश लागतात. असंच काहीसं घरी पाहायचंय? कंबरेच्या पट्ट्याचं एक टोक पुस्तकाखाली दाबून बक्कल एक फेरा फिरवा. बक्कल परत न फिरवता पीळ निघत नाही. दोन फेरे द्या; आता बक्कल तसंच सरळ धरून पट्ट्याला वळसा घालून आणलं, की पीळ गायब! इलेक्ट्रॉनसारखंच स्पिनरने वर्णन होणाऱ्या न्यूट्रॉन या अणुकेंद्रातल्या कणाचा हा उणेपणा १९७५ मध्ये प्रयोगात दिसलासुद्धा.