मधुमेहाचे चूर्ण घेण्याआधी पायांकडे पाहा

साखरेवरचे चूर्ण मागितले की आमच्या दुकानात आधी पायांची चौकशी होते. काहींना राग येतो, म्हणून हे कागदावर लिहून देत आहोत.

आयुर्वेदात प्रमेहाचे, म्हणजे लघवीच्या विकारांचे, 20 प्रकार आहेत. मधुमेह त्यांतलाच एक, वातज म्हणजे वातदोषातून होणाऱ्या गटातला. कुठलाही प्रमेह उपचाराविना सोडला तर पुढे त्याचा मधुमेह होतो आणि तो असाध्य ठरतो, असे सुश्रुतांनी बजावले आहे. मूळ आजारातून जे आणखी विकार उभे राहतात ते उपद्रव: तहान, जुलाब, ताप, दाह, अशक्तपणा, अरुची, अपचन आणि प्रमेहपिडका, म्हणजे गळवे. चरकांनी पिडका 7 सांगितल्या आहेत. सर्षपी मोहरीएवढी, शराविका कडेने उंच आणि मध्ये खोल. सुश्रुतांचे निरीक्षण मात्र आम्हाला जास्त कामाचे वाटते: वाहिन्या दुबळ्या झाल्याने दोष (वात, पित्त, कफ) वर सरकत नाहीत, म्हणून मधुमेह्यांना पिडका शरीराच्या खालच्या भागात उठतात. हातापायांची जळजळ आणि बधिरपणा तर ग्रंथांनी पूर्वलक्षणांतच धरला आहे.

बधिर पायाला चटका कळत नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात तापलेल्या फरशीवरही चप्पल घाला. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांसोबत किंवा पंढरीच्या वाटेवर अनवाणी चालायचा नेम असेल, तर आधी डॉक्टरांना पाय दाखवा. रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या तपासा. वाकता येत नसेल तर आरसा खाली ठेवा. जखम दिसली तर आमच्याकडे लेप मागू नका, आम्ही देणार नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

बसून राहण्याचे सुख, झोपेचे सुख, दही, गुळाचे पदार्थ ही प्रमेहाची कारणे चरकांनी दिली आहेत. (विड्या वळणाऱ्या मावश्यांचे बसणे सुखाचे नसते, पण शरीराला तो फरक कळत नाही.) ग्रंथांत पथ्यासाठी जवावर भर आहे. आपली ज्वारीची भाकरीही चालते, पण मोजून. साखर तिनेही वाढते.

डोळ्याच्या पडद्याचे आणि मूत्रपिंडाचे नुकसान सुरुवातीला जाणवत नाही, त्यासाठी नुसत्या नाडीपरीक्षेवर विसंबू नये. वर्षातून एकदा दोन्हींची तपासणी करून घ्या.

चूर्ण सुरू केले म्हणून गोळ्या किंवा इन्सुलिन परस्पर बंद करू नका. गोळ्यांच्या जोडीला कारल्याचा रस घेतला तर साखर एकदम खाली जाऊ शकते. घाम, थरथर, घाबरल्यासारखे वाटले तर लगेच साखर खा आणि डॉक्टरांना कळवा. दुकानात येताना शेवटचा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटे सोबत आणा.